दुसऱ्या कडव्याची उडी

गाणं तिघींचं होतं: थोरली, तिची सख्खी धाकटी बहीण आणि त्यांची एक मैत्रीण, जिला गळ्यामुळे सगळे भोंगा म्हणत. शब्द थोरलीचे. सोडून गेलेल्या माणसाला हसत निरोप देऊन पुढे निघायचं गाणं. पण गंमत बघा, दुसरं कडवं आलं की गाडी अडायची ती थोरलीचीच.

त्याला कारण होतं. इतकी वर्षं स्टुडिओत त्यांचा ड्रमवाला काचेपलीकडून मान हलवायचा, आणि मग ती कडवं उचलायची. तोच तिचा जोडीदार. आता त्याने दुसरीकडे घरोबा केला होता, ताल यंत्रावर वाजत होता, आणि थोरली अजून काचेकडेच बघत होती. तिथे रेकॉर्डिंगवाले काका आणि त्यांचा गार झालेला चहा. ताल बिचारा पुढे निघून जायचा.

"ताई, गाणं म्हणतंय मी निघाले," धाकटी कावली, "आणि तू बसलीस थांब्यावर!"

"मी घेऊ का कडवं?" भोंगा हळूच म्हणाली. म्हणजे तिच्या मानाने हळूच. काकांनी हेडफोन काढून कान चोळला.

"शेवटची खेप, पोरी," ते म्हणाले. "नाही जमलं तर कडवं तिचं."

रडून रडून लिहिलेलं कडवं दुसरीच्या तोंडी? थोरलीने माइक फिरवला आणि काचेला पाठ दिली. समोर कोरी भिंत. मान हलवायला कुणी नाही.

पहिलं कडवं झालं. मधलं संगीत संपायच्या आतच थोरली सुटली! धाकटी दचकली, भोंगा मागोमाग धावली, वाद्यं पुढच्या ओळीला येऊन मिळाली.

"लवकर उचललंस गं. पुन्हा घेऊ?"

"लवकर कुठलं, काका? उशीरच झाला. राहू द्या."

काकांनी ते परत ऐकलं. बोटं आपोआप टेबलावर वाजू लागली. राहिलं ते राहिलंच.

गाणं वणव्यासारखं पसरलं. पहिल्याच कार्यक्रमात थोरलीने श्वास घेतला, तोवर समोरच्या बायकांनी, पोरींपासून आज्यांपर्यंत, तालाआधीच कडवं उचललं. सभागृह दणाणलं. नवा ड्रमवाला गांगरला.

"ताई, मी कधी सुरू करू?" तो ओरडला.

थोरलीने हसून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.