बाकांच्या पायाखाली

मी एक बसकरपट्टी बोलतेय. लाल-हिरव्या पट्ट्यांची, वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरणारी. वालावलच्या वाटेवरच्या एका शाळेत पहिलीची मुलं वर्षानुवर्षं माझ्यावर बसली. आडपडदा कशाला ठेवू, मला बाकांचा हेवा वाटतो.

मी नवी कोरी आले तेव्हा मुलं माझ्यावर लोळली होती. पुढे त्यांनी माझे दोरे उपसले, खिचडी सांडली, नाकंही पुसली. मी सगळं चालवून घेतलं. पहिल्या दिवशी आईचा हात सुटला की रडणारं पोर माझी कड मुठीत धरायचं. तो मान दुसऱ्या कुणाला मिळेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा सुधारायचा आराखडा निघाला. आमच्या शाळेला काय हवं ते ठरवायला पालकांची सभा भरली, तीही माझ्यावरच.

पहिलीतल्या अक्षयाची आई तुळसा आधी बोलली. "गुरुजी, बांद्याच्या शाळेक बाक इले, आणि आमची पोरां अजून जमिनीर?"

जमिनीर! माझ्यावर बसून बाई मलाच जमीन म्हणाली.

तालुक्याचे साहेब म्हणाले, "सगळ्या शाळांना एकाच मापाचे बाक धरलेत. वेगळं माप मागितलंत तर यादीत तुमचं नाव मागे पडेल."

"पहिलीच्या मुलांना ते उंच होतील," सुशांत गुरुजी म्हणाले.

"होवंदेत," शाळा समितीचे अध्यक्ष बाबू म्हणाले. "गणवेश नाय वाढत्या अंगाचो घेत आपण? पोरां वाढतली."

सगळे हसले आणि बाक ठरले. सोबत नवी गुळगुळीत लादीही ठरली.

बाक आले त्या दिवशी नारळ फुटला. बाबूंनी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बाकांर बसतली ती पोरां मोठी होवंदेत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी कोपऱ्यात गुंडाळी होऊन जळत होते. माझ्यासाठी कधी कुणी साधं फूलसुद्धा वाहिलं नव्हतं.

पण बाक सरकले की त्यांचे लोखंडी पाय लादीवर असे किंचाळायचे की मुलं कान झाकायची. लादीवर ओरखडे उठले. बरी खोड मोडली, म्हणून मी खूश झाले. तेवढ्यात गुरुजी कात्री घेऊन आले. त्यांनी माझे तुकडे केले आणि एकेक तुकडा बाकाच्या पायाला सुतळीने बांधला. ज्याचा दुस्वास केला तोच आता माझ्या डोक्यावर उभा आहे.

अक्षया पहिल्या बाकावर बसते. तिचे पाय दिवसभर लोंबकळतात, मुंग्या येतात. हल्ली ती सकाळी शाळा नको म्हणून रडते.

काल तिला सोडायला आलेली तुळसा दारात थांबली. "माका वाटला, बाक बघून धावत येतली," ती म्हणाली.

तुमच्याकडे असा आराखडा निघाला, तर ठरवण्याआधी एखाद्या पोराला बाकावर बसवून बघा. एवढंच मागणं आहे.

अक्षया अंगठे ताणते, पण माझ्यापर्यंत पोचत नाही. सुट्टी झाली की ती उडी मारते आणि थेट लादीवर उतरते.

आता मला लादीचाही हेवा वाटतो.