डावा टाका

पणजोबांनी पक्ष्यांच्या कातड्यांत कापूस भरला, आजोबांनी भरला, वडिलांनी भरला. त्याच घराण्यातल्या बाई आता संग्रहालयाच्या पक्षीविभागाच्या प्रमुख होत्या, आणि त्यांनी खण असा ढकलला की तिन्ही पिढ्यांचे पक्षी आतल्या आत हादरले.

“नमुना खोटा? कोणासमोर बोलतेस, कळतंय?”

“कळतंय, बाई. म्हणूनच तुमच्यासमोर बोलतेय,” समोरची तरुण अभ्यासक म्हणाली.

टेबलावर लाल चिठ्ठीचा पक्षी होता. याच एका पक्ष्यावरून त्या जातीला नाव मिळाले होते. जगात कुठेही वाद झाला, तर निवाडा याच्याच पिसांवर व्हायचा. आणि तो पणजोबांनी भरलेला होता.

“मूळ वर्णनात पंख आखूड आहे. ह्याचा लांब भरतोय. माझे बाबा हेच सांगत होते.”

त्या बाबांना बाईंच्या वडिलांनी याच खोलीतून, मोजपट्टीसुद्धा धरता येत नाही म्हणून, चारचौघांत हाकलले होते. पुढे कुठल्याच संग्रहालयाने त्यांना दारात उभे केले नाही.

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही,” बाई म्हणाल्या. “बापाला जमलं नाही, आता लेक आली मोजायला.”

“मग तुम्हीच मोजा. मी हातही लावत नाही.”

“मला पट्टी कशाला? आमच्या घरचा टाका मी अंधारातही ओळखीन.”

बाईंनी पक्षी उताणा केला आणि पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला सारली. मग फुंकर थांबली. टाके शेपटीकडून छातीकडे चढत गेले होते, प्रत्येक डावीकडे कललेला.

पणजोबा उजव्या हाताने शिवत, आजोबाही. घरात डावखुरे एकटे वडील, आप्पा. त्यांच्याच मांडीवर बसून बाई टाके घालायला शिकल्या होत्या. आणि हा पक्षी तर वडिलांच्या जन्माआधीचा.

“काय झालं, बाई?”

“गप्प बस जरा.”

सर्वांत खालचा खण मोडक्या पक्ष्यांचा. ‘राहू दे, मोडकंतोडकं आहे’ म्हणत वडील तो कुणाला उघडू देत नसत. बाईंनी गुडघे टेकून तो ओढला. तळाशी एक आखूड पंखांचा पक्षी होता, मान किडीने खाल्लेली. पोटावर पणजोबांचे सरळ टाके, पायावर दोऱ्याचा जुना वळ. चिठ्ठी नव्हती.

“कीड लागली,” बाई म्हणाल्या. आवाजाची धार तीच होती, रोख तेवढा फिरला होता. “आपल्या राखणीत लागली हे सांगायला जीभ रेटली नाही. दुसरा भरला, चिठ्ठी त्याच्या पायात बांधली, आणि खरं बोलणाऱ्याला बाहेर काढलं. शाबास, आप्पा.”

त्यांनी दोरा कापला, लाल चिठ्ठी किडक्या पक्ष्याच्या पायात बांधली आणि एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली.

“ओळख पटवणाऱ्याचं नाव सांग. पूर्ण.”

“बाबा आता नाहीत, बाई.”

“नाव आहे ना?”

मुलीने सांगितले. बाईंनी ते वळणदार अक्षरात उतरवले. त्याखाली ‘अदलाबदल करणारा’ असे लिहून पुढे स्वतःच्या वडिलांचे नाव लिहिले, तेही पूर्ण.

“बाई, एवढं कशाला? तुमचं घराणं…”

“अर्धी नोंद ठेवायची आमच्या घराण्यात रीत नाही.”

मग त्यांनी आपली खुर्ची मुलीकडे सरकवली, मोजपट्टी तिच्या हातात दिली आणि स्वतः लेखणी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या.

“बस. तू मोज, मी लिहिते.”