घाटघरच्या रस्त्यावरचा बोर्ड

"हात लावा की भाऊ! नुसतं काय बघताय?" झुंबरबाई माझ्यावर खेकसली.

सकाळचे दहा वाजले होते. जुन्नरातल्या माझ्या मालिश केंद्राचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. दारातल्या बाकावर तिचा नवरा चिमाजी एका कुशीवर कलंडला होता. तोंड वाकडं, लाळ गळतेय, उजवा हात लुळा लोंबतोय. घाटघरहून जीप करून आली होती माणसं.

"कधी झालं हे?"

"साडेपाचला. धार काढाया बसलं अन् तसंच आडवं झालं. अंगावरनं वारं गेलं. सातला हितं आलो तर तुमचं दार बंद. फोन केला, तुमी उचलंना. मग बसलो वाट बघत."

फोन वाजला होता खरा. मी दाढी करत होतो. अनोळखी नंबर बघून म्हटलं, असेल कुणी लोनवाला.

"अवो, पण वाटेत एवढे दवाखाने! एकातबी शिरला न्हाई?"

"कशाला शिरू? रस्त्याला तुमचा बोर्ड हाय ना! लकवा शंभर टक्के बरा!"



वीस वर्षं मी मालिश करतोय. रीतसर कोर्स केलाय, सर्टिफिकेट भिंतीला टांगलंय. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून आलेल्यांच्या पोटऱ्या, टोमॅटोचे क्रेट उचलून धरलेल्या कंबरा, एवढं मला खरंच जमतं. बढाई नाही मारत. पण मला मेल्याला तेवढं पुरलं नाही. दोन मोठे बोर्ड केले, एक दारावर आणि एक घाटघरच्या रस्त्याला. दोन्हींवर आहुपे गावच्या, लकवा झालेल्या गेणभाऊचा चालतानाचा फोटो. दिवाळीच्या सुमारास सरकारी साहेब आले. म्हणाले, "मालिश करा, जाहिरातही करा. पण लकवा बरा करतो असं लिहायला कायद्यानं बंदी आहे. आणि हा पेशंटचा फोटो आधी काढून टाका." मी हात जोडले, चहा पाजला, त्यांच्यादेखत दारावरचा बोर्ड उतरवला. दुसऱ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही बोललो नाही. त्या रस्त्यानं आठवड्याला चार-पाच गिऱ्हाइकं यायची. हाव सुटत नाही माणसाला, दुसरं काय!

"बाई, हे माझं काम न्हाई," मी म्हणालो. "ह्यांना आत्ताच्या आत्ता नारायणगावला मोठ्या दवाखान्यात न्या."

"का? तो गेणभाऊ चालतोय फोटोत, अन् आमचंच माणूस जड झालं व्हय तुमाला?"

जीपवाला दादाभाऊही पुढे झाला. "लई लांबनं आलोय राव. दोन हात तरी मारा."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"गेणभाऊ चालत नव्हता," मी म्हणालो. "त्याच्या बायकोनं त्याला मागनं धरला व्हता. फोटोतनं तिला कापली आमी."

दुसरी कुणी असती तर माझ्या तोंडावर थुंकली असती.  झुंबरबाई पदर खोचून म्हणाली, "मग मी धरीते की. तुमी चोळा."

 मला रडूच कोसळलं, खोटं कशाला सांगू! मी चिमाजीच्या काखेत हात घातले, दादाभाऊला पाय धरायला लावले आणि त्याला जीपमध्ये आडवा केला. शटर उघडं टाकून मीही चढलो. वाटभर ती त्याचा गार पडलेला हात चोळत होती आणि मला विचारत होती, "असंच ना भाऊ? का जोरात चोळू?" मी "हां, असंच" म्हणत होतो. त्याचा काडीचा उपयोग नव्हता आणि ते मला माहीत होतं.

नारायणगावात पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. चिमाजीला स्कॅनला नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"साडेपाचला झालं म्हणता? मेंदूत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आता नाही देता येणार. जीव वाचेल बहुतेक, पण ही बाजू किती परत येईल ते सांगता येत नाही. एवढा उशीर कसा केलात?"

मी मान खाली घातली. आता ही बाई माझं नाव घेणार. घेऊ दे, घ्यायलाच पाहिजे.

"आमचं गाव डोंगरात हाय," झुंबरबाई म्हणाली. "गाडीच मिळंना."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं?

"गाडी मिळाली व्हती, डॉक्टर," मी म्हणालो. "सात ते दहा माझ्या दारात उभी व्हती. मी मालिशवाला. माझा खोटा बोर्ड वाचून आली ही माणसं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

झुंबरबाईनं माझी बाही धरून मला खाली बसवलं.

"कशाला बोललात, भाऊ?" ती हळू आवाजात म्हणाली. "आता त्या तुमाला आत सोडतील का? उद्या ह्यांचा पाय कोण चोळंल?"