लमाणांनी बुजवलेली बारव

शरणप्पाने दगडांच्या ढिगाला पहार लावली, तशी बांधावर बसलेली त्याची म्हातारी आई रत्नम्मा ओरडली, "अप्पा, हात नको लावूस! लमाणांनी उगं न्हाई बुजवली ती बारव."

"अव्वा, जनावरं तहानेनं मरून राहिलीत. देवणीच्या बाजारात नेऊन दावण रिकामी करू काय?"

कंधारकडे जाणारी जुनी बैलवाट त्याच्या शेतातूनच जायची. मिठाच्या गोण्या लादलेले लमाणांचे तांडे या बारवेवर उतरायचे. वाट केव्हाच नांगराखाली गेली. पण इथून जाणारा माणूस अजून ढिगावर एक धोंडा टाकतो आणि न थांबता पुढे जातो. कशासाठी, ते कुणी विचारत नाही. रत्नम्माला मात्र तिच्या सासऱ्याने सांगितलं होतं.

"हितलं पाणी प्याले अन् पटकी झाली. निम्मा तांडा हितंच मातीत गेला. जगले त्यांनी बारव बुजवली, मागून येणाऱ्याला धोंडा टाकाया सांगितलं."

"तवाचं इख आजपतूर राहतंय व्हय?" शरणप्पा हसला.

चार दिवस धोंडे उपसल्यावर एका सकाळी पायऱ्या उघड्या पडल्या. खाली काळं, निवांत पाणी. टँकरची वाट बघून कावलेलं गाव घागरी घेऊन धावलं. पण म्हातारीचं ऐकून सगळे काठावरच थबकले. शरणप्पाचं डोकं फिरलं. त्याने तांब्या बुडवला आणि सगळ्यांदेखत घटाघटा रिकामा केला.

"बगा! मेलो का?"

मग काय, रांगच लागली. शेजारचा नरसिंग तर दुपारनंतर सगळं घरदार घेऊन आला.

उन्हं कलली तसा शरणप्पाच्या पोटात पीळ पडला. आधी त्याला ऊन बाधलं असं वाटलं. बाभळीआड दोनदा ओकला, आणि तो मनापासून भ्याला. बायकोच्या, दानम्माच्या, खांद्याला धरून तो बारवेवर आला.

"पिऊ नका! पाणी नासकं हाय!"

नरसिंग फिस्सकन हसला. "सकाळी तू प्यालास तवा गोड व्हतं. गावानं घागरी लावल्या की नासलं व्हय? शेत तुझं हाय, पाणी न्हाई."

"अवो भाऊजी, खरं सांगून राहिलेत ते!" दानम्मा रडकुंडीला आली.

शरणप्पाने धोंडा उचलून बारवेत टाकला. दुसरा उचलला, तोवर दोघांनी त्याचे हात मागे धरले. त्याला सोडवून घ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

नरसिंगने भरलेली घागर कलती केली आणि आपल्या नातीपुढे धरली. "पी, अक्षरा. पोटभर पी."