रांग लावतात की घुसतात

आमच्या हिने, म्हणजे बायकोने, सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीमागे बसून काढली. माणसं रांगेत कशी उभी राहतात याचा तिच्याइतका अभ्यास कुणाचा नसेल. "फक्त एकच विचारायचंय" म्हणत कोण घुसतो, कोण पिशवी ठेवून सावलीत जाऊन बसतो, कोण पुढच्याला घरच्या गोष्टी सांगत सांगत त्याच्याही पुढे सरकतो, हे ती जेवताना मला नक्कल करून दाखवायची. तिचं मत पक्कं होतं. रांग ही माणसाला जबरदस्तीने लावलेली सवय आहे, आपणहून कुणी रांगेत उभं राहत नाही.

म्हणून डायव्हिंगच्या वर्गात शिकवणारी मुलगी जेव्हा म्हणाली, की समुद्रात खूप आत एक खडक आहे, तिथे दारापेक्षा रुंद मांटा मासे अंग साफ करून घ्यायला येतात, छोटे मासे त्यांच्या अंगावरची घाण खातात, आणि मोठे आपली पाळी येईपर्यंत थांबतात, तेव्हा हिने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"थांबतात म्हणजे? रांग लावतात?"

"हो, तसंच काहीसं."

"तसंच काहीसं म्हणजे काय, बाळा? रांग लावतात की घुसतात?"

त्या मुलीने स्वतः ते पाहिलं नव्हतं. वर्गातले सगळे हसले. ही हसली नाही. घरी येताना म्हणाली, "आपण जाऊन बघायचं."

तो वर्ग आमच्या लेकीने आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर भेट दिला होता. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अंधाऱ्या खोल जागेत उतरायची सवय होती, पण पाण्याची आवड हिची. मी नुसता सोबत गेलो आणि गंमत म्हणजे मलाच जास्त वेड लागलं. किनाऱ्याजवळ आम्ही बऱ्याचदा उतरलो. मी एखाद्या भोकात बसलेल्या खेकड्याकडे बघत राहायचो, वेळेचं भान नाही, हवेचं भान नाही. मग डाव्या पायाच्या फिनला, त्या पोहायच्या रबरी पंखाला, हिसका बसायचा. मागे वळून बघितलं की ही अंगठा वर करून उभी. चला.

त्या खडकाशी पोचायला आख्खा एक दिवस आत जावं लागतं. म्हणून ज्या बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि तिथूनच पाण्यात उतरायचं, अशा बोटीने आठवडाभर जाणं भाग होतं. कुठली बोट घ्यायची यावर आमची चर्चा सुरू झाली आणि ही आजारी पडली. त्याबद्दल मी लिहीत नाही. ती गेली.

पुढच्या वर्षी मी म्हणालो, मी जातो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एकटे?" मग तिने मावशीला फोन केला. दोघींत काय बोलणं झालं ते मावशीनेच, म्हणजे माझ्या मेहुणीने मला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही.

"ती विचारत होती, बाबा खाली गेले की वर येतील ना?"

मी बटाटे सोलत होतो. "तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, विचारून सांगते. येणार ना?"

"हवा संपत आली की यावंच लागतं."

"हे उत्तर नाही झालं, भाऊजी."

नव्हतंच. ही गेल्यापासून घरात शांतता आहे, पण त्या शांततेत फ्रिज घरघरतो, शेजारचा टीव्ही असतो, लोक येऊन "जेवलात का" विचारतात. पाण्याखालची शांतता मला आठवत होती आणि हवीशी वाटत होती. तिथून वर यायला काहीतरी कारण लागतं. पूर्वी हिसका हे कारण होतं. आता काय, ते मलाच बघायचं होतं, आणि त्याची मलाच थोडी भीती वाटत होती. रांगेच्या त्या प्रश्नाचं कुतूहल खरं होतं. भीतीही खरी होती. मेहुणीने बटाट्याची सुरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "बोट निवडायला मी येणार."

ती बंदराच्या गावातच राहते. मोसम सुरू व्हायला वेळ होता, त्यामुळे बोटी रंगरंगोटीसाठी धक्क्याला लागल्या होत्या. त्या खडकापर्यंत जाणाऱ्या दोनच. आम्ही सकाळी निघालो.

पहिली बोट पांढरी, तीन मजली, नवी कोरी. इस्त्रीच्या सदऱ्यातला एक व्यवस्थापक आम्हाला फिरवत होता. मी लहान पोरासारखा सगळीकडे हात लावत होतो. खोलीला स्वतंत्र बाथरूम. गरम पाणी लगेच. गादी अशी की बसल्यावर उठावंसं वाटू नये. आणि स्वयंपाकघरातून वरच्या मजल्यावर जेवण न्यायला चक्क एक चिमुकली लिफ्ट! मी तिच्यात एक रिकामी बशी ठेवून तीन वेळा वर-खाली केली. दार लागताना जरासुद्धा आवाज नाही. असं काम बघितलं की माझा जीव शांत होतो.

"यांना जेवण नको, लिफ्टच वाढा," मेहुणी म्हणाली.

व्यवस्थापक हसला. मग त्याने मला बाजूला घेतल्यासारखं करून सांगितलं, "तुम्ही अनुभवी आहात, एकटे आहात. आमच्याकडे एकट्याने डाइव्ह करायची सोय आहे. जादा सिलिंडर देतो. कुणी मध्ये मध्ये करणार नाही. तुमची खोली, तुमची वेळ."

मला नेमकं हेच हवं होतं.

"आणि हे वर आले नाहीत तर?" मेहुणीने विचारलं.

"काळजी नको. मनगटावरचं घड्याळ सगळं नोंदवतं. किती खोल, किती वेळ, सगळं."

"नोंदवतं," मेहुणी म्हणाली. "ओढतं का?"

त्याला प्रश्न कळला नाही. मला कळला. खाली उतरताना मी तिला म्हणालो, "माझं ठरलंय. हीच." ती म्हणाली, "ठरू दे की. आलोच आहोत तर दुसरी बघायला काय जातंय?"

दुसरी बोट लाकडी, हिरवी, धक्क्याच्या पार टोकाला. एक पन्नाशीची बाई मांडी घालून झाकणाच्या लाकडावर पॉलिश कागद घासत होती. बोट तिचीच होती आणि चालवायचीही तीच. उठली नाही. म्हणाली, "बघा फिरून. डोकं सांभाळा."

फिरायला फारसं काही नव्हतं. एकावर एक फळ्या, त्यावर पातळ गाद्या. मध्ये पडदा. संडासाच्या दाराला कडी नव्हती, दोरी होती. सगळीकडे ओल्या टॉवेलांचा वास. कॉम्प्रेसर सुरू होता, तो सिलिंडर भरताना सगळी बोट दाढदुखी झाल्यासारखी थरथरत होती. त्याचा पट्टा सैल आहे हे मला जिन्यावरूनच ऐकू आलं.

"इथे कूस बदलायची तर आधी वरच्याला विचारावं लागेल," मेहुणी म्हणाली.

"वरच्याला नाही, समोरच्याला," मालकीणबाई बाहेरून ओरडल्या. "दोघं एकदम वळलात तर बोट कलते." मग मला विचारलं, "जोडीला कोण?"

"कुणी नाही. मी एकटाच उतरेन."

"ते इथे चालत नाही. एकट्याला आचारी जोडीला." आणि मानही न वळवता हाक मारली, "आचारीबुवा! गिऱ्हाईक!"

आतून एक उंच माणूस वाकून बाहेर आला. हाताला कांद्याचा वास. मला आपादमस्तक बघून घेतलं.

"तुम्ही पाण्यात उतरलात तर स्वयंपाक कोण करतं?" मी विचारलं.

"मीच, वर आल्यावर. उतरताना भात मंद आचेवर ठेवतो. म्हणून तर माझ्याबरोबरचा माणूस वेळेवर वर येतो. नाही आला तर भात लागतो, आणि मग सगळी बोट त्या माणसाला शिव्या घालते."

मेहुणी पहिल्यांदाच मोकळं हसली.

"आता आमची पद्धत," आचारी म्हणाला. "पैसे नंतर. आधी दोघांनी जॅकेट चढवायचं, एकमेकांचं सामान तपासायचं, आणि एकमेकांना आपली एक खोड सांगायची. पाण्याखाली तुम्ही काय वेडेपणा करता ते मला माहीत पाहिजे. खोटं सांगितलं तर खाली कळतंच."

त्याने दोन हवेची जॅकेटं आणली, त्यांना सिलिंडर लावलेले. वर्षभरात हे ओझं पाठीवर घेतलं नव्हतं. तो समोर उभा राहिला आणि मी तपासायला लागलो. हवा उघडी. नळी ठीक. कमरेचा पट्टा ठीक. खांद्याचा उजवा पट्टा ठीक. डावा पट्टा हातात घेतला, एक वेढा दिला आणि वरून थापटलं.

"अहो," आचारी म्हणाला. "सरळ होता. तुम्ही पिळलात."

मी बघितलं. खरंच पट्टा पिळलेला, आणि तो मीच पिळला होता.

मालकीणबाईंचा कागद थांबला. माझे हात तसेच त्याच्या खांद्यावर राहिले.

"आमची ही," मी म्हणालो. "डावा पट्टा नेहमी पिळून घालायची. कितीही सांगा. मी दर वेळी उलटून सरळ करायचो."

"ताईचं दप्तरही तसंच असायचं," मेहुणी म्हणाली. "आई मागून धावायची सरळ करायला." तिने नाक पुसलं. "मेली कधी सरळ चालली नाही."

आचाऱ्याने पट्टा सरळ केला नाही. तसाच राहू दिला.

"ही तर बाईंची खोड झाली," तो म्हणाला. "तुमची सांगा."

बघत राहतो, असं सांगून भागलं असतं. तेही खरंच आहे. पण तो खाली माझ्या जोडीला असणार होता, आणि मेहुणी बाजूला उभी होती, जिने मला विचारलं होतं आणि जिला मी उत्तर दिलं नव्हतं.

"मी एकाच ठिकाणी बघत राहतो," मी म्हणालो. "आधी ही पाय ओढायची, मग यायचो. आता वर यावंसं वाटेल की नाही, मला माहीत नाही."

मला वाटलं, आता मालकीणबाई म्हणतील, मग तुम्ही घरीच बसा. आचारी मात्र विचारात पडला होता, मिठाचा अंदाज घेताना माणूस पडतो तसा.

"कुठला पाय?"

"काय?"

"कुठला पाय ओढायच्या?"

"डावा."

"एकदा की दोनदा?"

"एकदाच. पण जोरात."

"माझा हात जड आहे. फिन हातात येईल."

"येऊ दे."

"आणि पहिला दिवस उथळ पाण्यात काढू," मालकीणबाई म्हणाल्या. "जमलं तर पुढे. नाही जमलं तर आठवडाभर कॉम्प्रेसर दुरुस्त करा. पट्ट्याकडे मघापासून बघताय ते दिसतंय मला."

"तो सैल आहे," मी म्हणालो.

"माझी खोड राहिली," आचारी म्हणाला. "मी खाली गातो."

"तोंडात नळी असते ना?" मेहुणीने विचारलं.

"नळीतूनच. बुडबुडे सुटतात, लोक वैतागतात, मासे पळतात. सवय जात नाही."

मी ज्या शांततेसाठी निघालो होतो तिचे तिथेच बारा वाजले. मला हसू आलं. हसता हसता सिलिंडरच्या वजनाने मी मागच्या बाकावर धपकन बसलो. तिथून विचारलं, "मग तुम्ही गायलात तर मांटाही पळतात?"

"छे. ते येतात जवळ. त्यांना गाणं कळत असावं. त्या खडकावर तर दर मोसमात जातो मी. बघाल तुम्ही, कसे एकामागे एक..."

"सांगू नका!" मी आणि मेहुणी एकदमच ओरडलो.

आचारी दचकून मालकीणबाईंकडे बघायला लागला. मग मी त्यांना वीजबिलाची खिडकी सांगितली, डायव्हिंगचा वर्ग सांगितला, वर केलेला हात सांगितला. "तिला ऐकीव उत्तर चाललं नसतं," मी म्हणालो. "पावती दाखवा म्हणायची. मी स्वतः बघून येतो."

"आणि आल्यावर आधी मला सांगायचं," मेहुणी म्हणाली. "धक्क्यावर उभी असेन मी. आमच्यात पैज आहे. ताई म्हणायची घुसतात. मी म्हणते रांग लावतात."

"तुला काय माहीत?" मी विचारलं.

"नाही माहीत. म्हणून तर तुम्ही परत यायचं."

तिने तिथूनच माझ्या मुलीला फोन लावला. "बोट ठरली. हिरवी. नाही ग, संडासाला दोरी आहे." थोडा वेळ ऐकलं. मग फोन माझ्यापुढे धरला. "तोच प्रश्न विचारतेय. तुम्हीच सांगा."

मी फोन घेतला.

"येईन," मी म्हणालो. "तिथे एक माणूस आहे, तो ओढून आणणार आहे. आणि भात लागतो."

"काय?"

"घरी आल्यावर सांगतो."

आचारी आत जाऊन कांदा चिरायला लागला होता. सिलिंडर उतरवून ठेवला होता, पण जॅकेट काढायला विसरला होता. डावा पट्टा अजून पिळलेलाच. मी वाकून आत गेलो आणि मागून तो सरळ केला.

"आता बरोबर," तो म्हणाला. "एक बटाटा सोला."