जोतीरामचे वाटे

अंतिम सामना आम्ही एका गुणाने हरलो आणि गावाने जोतीराम वाटून घरी नेला.

शेवटची चढाई त्याची होती. ज्याने जिथे बोट दाखवलं, ते त्याचं झालं. गिरणीवाले शामराव म्हणाले, "गुडघाच वाकला न्हाई त्याचा," आणि गुडघा काखेत मारून चालू लागले. डेअरीवाल्या शकुंतलाकाकींनी घोटा नेला. खांदे, कंबर, पोटऱ्या, सगळं मैदान रिकामं व्हायच्या आत संपलं. दम कमी पडला यावर तर गावाचं एकमत होतं. तो सायकलवाल्या निवासने एका ट्यूबमध्ये भरला आणि दुकानात खिळ्याला टांगला. जिंकलेल्या परगावच्या पोरांना याच लोकांनी हार घातले आणि पोटभर मिसळ खाऊ घातली.

मी शाळेत कबड्डी शिकवतो. जोतीराम चौथीपासून माझ्या हाताखाली होता. मैदानावर त्याचा उजवा हात आणि आवाज एवढंच उरलं होतं, कारण त्यांना कुणी नावं ठेवली नव्हती. हात मी रुमालात गुंडाळला, आवाज खिशात ठेवला.

"गुरुजी, मी लई वाईट खेळलो का?" आवाजाने खिशातून विचारलं.

"नाही. एक पाऊल आखूड पडलं. ते सुधारता येईल."

"पाऊल कुणाकडं हाय?"

मी खिशाचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी शामरावांच्या गिरणीत गेलो. गुडघा पिठाच्या डब्यावर ठेवला होता. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याला एक टपली मारायचं आणि मग दळण मागायचं.

"गुडघा परत द्या," मी म्हणालो.

"का म्हणून? ह्याच्यापायी ढाल गेली गावची."

"पलीकडच्या पोरांचं तुम्ही काही नेलं नाही."

"परक्याचं काय न्यायचं, गुरुजी?" शामराव मोकळेपणाने हसले. "पोरगं आपलं, म्हणून तर हक्क."

त्या क्षणी मला सूड हवासा वाटला. पण मी मास्तर आहे. कुठलीही गोष्ट पायरीपायरीने शिकवली तरच अंगात मुरते, आणि सूडही त्याला अपवाद नाही.

आधी मी निवासकडे गेलो आणि ती ट्यूब माझ्या सायकलला बसवून घेतली. "बसवतो की," तो म्हणाला. "पर लांब जाऊ नगा. मधीच दम सोडंल, मालकावानी." मग शाळेतलं, मैदानाच्या रेघा आखायच्या फक्कीचं पोतं काढलं आणि रोज सकाळी जोतीरामच्या हाताला आणि आवाजाला सोबत जाण्याचा सराव दिला. चांगला विद्यार्थी अर्धा असला तरी शिकतो.

तयारी झाल्यावर मी रेघा आखल्या. मध्यरेषा शाळेच्या फाटकातून काढली आणि बाजूच्या रेषा गावाला वळसा घालून ओढ्यापर्यंत नेल्या. रेषा जुळल्या तसं अख्खं गाव समोरच्या संघाचं अंगण झालं. लोक घराबाहेर आले. त्यांना आपोआप वाकून उभं राहावं लागलं.

"गुरुजी, आम्हाला कुटं खेळता येतंय?" शकुंतलाकाकी ओरडल्या.

"एवढी वर्षं तुम्हीच तर शिकवताय," मी म्हणालो, ट्यूबमधला दम आवाजात भरला आणि जोतीरामला सोडलं.

आवाज पुढे निघाला, "कबड्डी, कबड्डी," आणि त्याच्यामागून हात. आधी निवास बाद झाला. मग शकुंतलाकाकी. बाद झालेले शाळेच्या भिंतीवर ओळीने जाऊन बसत होते, आपापला वाटा मांडीवर घेऊन. आणि बसल्या बसल्या त्यांनी खेळ बघायला सुरुवात केली.

"शामराव, मागं सरा की! म्हसरावानी काय उभं राहिलाय?"

"कंबर बघ त्याची. कंबरंनं घात केला."

शामराव भिंतीपाशी आले तेव्हा त्यांची स्वतःची कंबर निवासच्या मांडीवर होती. मला फार बरं वाटलं.

पण नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा लागतो: सगळे बाद झाले की लोण होतं, आणि लोण झालं की सगळे उठून पुन्हा अंगणात येतात. म्हणून एक जण शिल्लक ठेवायचा. तो उभा आहे तोवर बाकीचे कायमचे भिंतीवर. मी जोतीरामच्या आईला निवडलं होतं. हौसाबाईंना शिवायचं नाही, हे मी त्याच्याकडून घोटून घेतलं होतं.

अंगणात आता त्या एकट्याच होत्या. हात त्यांच्यासमोर जाऊन थांबला. आवाज चालू होता, पण बारीक झाला होता.

"परत फिर!" मी रेषेवरून ओरडलो.

"गुरुजी," हौसाबाई म्हणाल्या, "मला एकटीलाच किती दिस उभं करनार?"

"कायम."

त्यांनी मान डोलावली, जणू दुकान किती वाजता बंद होतं ते विचारलं होतं. "जोत्या, शीव रं मला."

भिंतीवरच्यांनी माना उंचावल्या. मग शामराव उठता येईल तेवढे उठले आणि त्यांनी शिट्टी मारली.

"शाब्बास, जोत्या! वाघ हाय आमचा वाघ!"

"आपलं पोरगं हाय! घे, घे!"

इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कुणी शिट्टी मारलेली मी ऐकली नव्हती. त्यानेही नसावी. हाताची बोटं हळूहळू उघडली. मी रेषा ओलांडायला गेलो, पण शिकवणाऱ्याला अंगणात पाऊल टाकता येत नाही. भिंतीवरचे सगळे टाळ्या पिटत होते, आणि हौसाबाईंनी पदर मागे सारला आणि त्या हाताला पुरेल एवढं कपाळ खाली वाकवलं.