म्यूस्कादे आणि सुकट

१९७४ साली आमच्या चिंचवडच्या कारखान्यात फ्रान्सहून एक मशीन आलं आणि ते बसवायला लब्रे नावाचे साहेब आले. मी कारखान्याच्या ग्रंथालयात होतो. फ्रेंच पुस्तकांतून शिकलेलो. वाचता येई, बोलताना अडखळायचो. दुसरं कोणी नव्हतं म्हणून दुभाषा मीच.

लब्रेसाहेब समुद्राजवळच्या नांत शहराकडचे. गेस्टहाउसवर त्यांना रोज उकडलेली कोंबडी, उकडलेले बटाटे आणि कस्टर्ड मिळे. गोऱ्या माणसाला तिखट सोसत नाही, हे आमचे मॅनेजर यशवंतराव यांनी ठरवून टाकलं होतं. साहेबांना कोणी विचारलं नव्हतं.

मशीन सुरू झालं त्या दिवशी लब्रेंनी बॅगेतून आपल्या गावची वाइन काढली. म्यूस्कादे. पांढरी, हलकी, किंचित आंबट.

"ही उकडलेल्या कोंबडीबरोबर उघडली तर वडील मला घरात घेणार नाहीत," ते म्हणाले. "हिच्याबरोबर समुद्रातलं काहीतरी लागतं. शिंपले, कोळंबी."

आणि त्यांनी फिटर ज्ञानदेवकडे बोट दाखवलं. ज्ञानदेवच्या डब्यातली सुकट त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत चाखली होती. बाटली त्याच्याच घरी उघडायची, असं दोघांनी खाणाखुणांनी ठरवूनही टाकलं होतं.

यशवंतराव चमकले. "सुकट? अहो, वासानं पळून जाईल माणूस. आणि तिथं, त्या वस्तीत?" पुढचं ते बोलले नाहीत. ज्ञानदेवला ते न बोलताही कळलं. "रविवारी दुपारी या," एवढंच तो म्हणाला.

रविवारी लब्रे, यशवंतराव आणि मी पिंपरीला ज्ञानदेवच्या दोन खोल्यांत पोचलो. मागून ड्रायव्हर चार पुडांचा डबा घेऊन आला. यशवंतरावांनी तो दारातच ज्ञानदेवच्या बायकोपुढे, गिरजाबाईंपुढे धरला.

"वहिनी, साहेबांचं जेवण यात आहे. तुमच्या ताटात वाढा, म्हणजे तुमचाही मान राहील."

गिरजाबाईंनी झाकण काढून पाहिलं. "कुणी आजारी हाय व्हय?"

"तसं नाही. त्यांना आपलं सोसत नाही."

"त्यांनी सांगितलं?"

यशवंतराव माझ्याकडे वळले. "मधुसूदनराव, साहेबांना सांगा, इथलं खाऊ नका, पोट बिघडेल. स्वच्छतेचंही सांगा."

"सांगा की," गिरजाबाई म्हणाल्या. "मी हितंच उभी हाय."

मला ते शब्द येत होते. पोट, बिघडणं, स्वच्छ, पहिल्याच धड्यांतले.

"मी नाही सांगणार," मी म्हणालो.

"येत नाही का?"

"येतं. पण सांगणार नाही."

तो आवाज माझाच होता का, अशी शंका मला अजून येते.

गिरजाबाईंनी सतरंजीवर ताटं मांडली. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी गार व्हायला ठेवली होती. लब्रेंच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि कैरी घातलेली सुकट. मी शाकाहारी, माझ्यासाठी पिठलं. यशवंतरावांच्या ताटात मात्र त्यांनी अख्खा डबा रिकामा केला.

"हे काय?"

"तुमीच आणलंय न्हवं? घरात आलेलं अन्न मी परत धाडत न्हाई."

"साहेब, कस्टर्ड आधी घ्या," ज्ञानदेव भाकरी मोडत म्हणाला. "पातळ व्हायलंय."

लब्रेंनी सुकटीचा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. स्टीलच्या पेल्यातून म्यूस्कादेचा घोट घेतला आणि पुन्हा ताटाकडे हात नेला. मग ते बराच वेळ बोलले.

"काय म्हणत्यात?" गिरजाबाईंनी विचारलं.

"त्यांच्याकडे जाळी ओढून माणसं परतली की बारकी कोळंबी अशीच खातात. अशी भाकरी मात्र तिथं मिळत नाही."

"मग पुढच्या खेपंला मंडळींना घेऊन या म्हणावं. डबा न आणता."

हे मी शब्दन्‌शब्द सांगितलं. लब्रे हसले आणि त्यांनी ताट पुढे केलं.

यशवंतराव बटाटा चिवडत होते. सुकटीचा वास घरभर होता. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, जरा भाकरी अन् सुकट..."

"देते की," गिरजाबाई म्हणाल्या. "पर आमच्यात ताटात टाकत न्हाईत. आधी ते संपवा."

यशवंतरावांनी कोंबडीची तंगडी उचलली.